साओ पाउलोत पहिल्यांदा: पिवळ्या कार्डापासून पाउलिस्टापर्यंत

साओ पाउलोच्या तयारीत सगळ्यात आधी हात घालावा तो यलो फीव्हरच्या लशीला. तिकीट, हॉटेल, व्हिसा यांच्या तारखा पुढेमागे करता येतात, पण लशीचं प्रमाणपत्र, म्हणजे पिवळं कार्ड, टोचल्यापासून दहा दिवसांनीच लागू होतं. त्यात गंमत अशी की हे कार्ड ब्राझीलपेक्षा आपल्याच देशाला जास्त हवं असतं. ब्राझीलहून परतणाऱ्याकडे वैध पिवळं कार्ड नसेल, तर भारतीय विमानतळावरचे आरोग्य अधिकारी त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. तिथे वाद घालून उपयोग नसतो.

ही लस खासगी दवाखान्यात घेतलेली चालत नाही. केंद्र सरकारची मान्यता असलेलं केंद्रच लागतं. मुंबईत पोर्ट हेल्थ आणि एअरपोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशनकडे सोय आहे. सरकारी केंद्रात ३०० रुपये लागतात, अपॉइंटमेंट आधी घ्यावी लागते आणि टोचण्याचे वार ठरलेले असतात. त्याचं कारण साधं आहे: एका कुपीत अनेकांचे डोस असतात आणि ती एकदा उघडली की सहा तासांत संपवावी लागते. म्हणून माणसं जमवूनच टोचतात. मूळ पासपोर्ट सोबत न्यावा, कारण त्याचा क्रमांक कार्डावर लिहितात. केंद्राच्या बाहेर पडण्याआधी नावाचं स्पेलिंग, क्रमांक, सही आणि शिक्का तिथेच उभं राहून तपासावं. अंड्याची ॲलर्जी, गरोदरपणा, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं किंवा साठीपुढचं वय असेल तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं. ही जिवंत विषाणूची लस आहे. नंतर एखाद-दोन दिवस अंग मोडून येतं, क्वचित कणकण वाटते. २०१६ पासून हे कार्ड आयुष्यभरासाठी ग्राह्य धरलं जातं, म्हणजे एकदा केलेला खटाटोप पुन्हा करावा लागत नाही.

व्हिसासाठी महाराष्ट्र आणि गोव्यातल्यांना मुंबईतूनच अर्ज करता येतो. अमेरिकेचा व्हिसा पासपोर्टवर असला तरी ब्राझीलचा वेगळा काढावाच लागतो. अर्ज ब्राझीलच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर भरायचा. शेवटी बारकोड असलेली एक पावती तयार होते. ती छापायची, फोटो चिकटवायचा आणि चौकटीच्या आत पासपोर्टवर आहे तश्शीच सही करायची. मग ती पावती, बँकेची स्टेटमेंटं, आयकर विवरणपत्रं, नोकरीच्या ठिकाणचं रजेचं पत्र, येण्याजाण्याचं आरक्षण आणि राहण्याचा पत्ता असा गठ्ठा व्हिसा केंद्रात द्यायचा. यात सर्वांत जास्त वेळ जातो तो फॉर्म भरताना. पान मध्येच गळपटतं, म्हणून अर्जाचा क्रमांक सुरुवातीलाच टिपून ठेवावा. जमा केल्यापासून तीन-चार आठवडे हातात असले की जीव टांगणीला लागत नाही. पर्यटकाला एका वेळी ९० दिवसांपर्यंत राहता येतं.

भारतातून थेट विमान नाही. दुबई, दोहा किंवा आदिस अबाबामार्गे जाणं सरळ पडतं. अमेरिकेमार्गे स्वस्त तिकीट दिसलं तर तिथला व्हिसा लागणार, हे लक्षात ठेवूनच भुलावं. जाऊन-येऊन लाखाच्या वर जातात. दुबईहून पुढचा टप्पाच चौदा-पंधरा तासांचा आहे. घड्याळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे, त्यामुळे पहिले काही दिवस पहाटे तीनला टक्क जाग येते. या शहरात त्याचं फार वाईट वाटून घ्यायला नको. पुष्कळ बेकऱ्या सहाला उघडतात.

ग्वारुल्योस विमानतळावर इमिग्रेशनला भारतीय पासपोर्ट थोडा जास्त वेळ उलटसुलट पाहिला जातो. ट्रान्झिटमध्ये उतरून तिथेच आश्रय मागणाऱ्यांची संख्या वाढल्याने ऑगस्ट २०२४ मध्ये ब्राझीलने नियम कडक केले, आणि त्या प्रवाशांत भारतीय बरेच होते. त्याची झळ साध्या पर्यटकाला बसते ती एवढीच: परतीचं तिकीट, हॉटेलचं आरक्षण आणि पिवळं कार्ड कागदावर छापलेलं, हाताशी असावं. फोनवर शोधत बसू नये. प्रश्न दोन-तीनच येतात आणि इंग्रजी जेमतेम असतं. कुठे राहणार, किती दिवस, परत कधी, एवढ्याची उत्तरं कागदावर बोट ठेवून देता आली की शिक्का बसतो.

विमानतळ शहराच्या ईशान्येला पंचवीस-तीस किलोमीटरवर आहे. लोकल रेल्वेची १३ क्रमांकाची लाइन विमानतळाच्या स्टेशनपर्यंत येते. टर्मिनलपासून तिथवर मोफत जोडसेवा आहे. पुढे एंजेन्येरो गुलार्टला गाडी बदलून ब्रासला जायचं, की मेट्रोच्या जाळ्यात आपण शिरलो. तिकीट मेट्रोइतकंच, पाच-साडेपाच रेआल. एका रेआलचे १५ ते १७ रुपये धरावेत. मात्र मोठी बॅग, संध्याकाळची गर्दी आणि लांबच्या प्रवासाने आलेला गळाठा अशी त्रिसूत्री जुळली असेल तर सरळ ॲपवरची टॅक्सी करावी. भाडं वेळेनुसार ऐंशीपासून दीडशे रेआलपर्यंत कुठेही जातं. आगमनाच्या दारात हात धरून 'टॅक्सी, टॅक्सी' करणाऱ्यांकडे मात्र ढुंकूनही बघू नये.

या रस्त्यावरून शहराचं जे पहिलं दर्शन होतं ते मनाला भावणारं नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. तिएते नदी सिमेंटच्या कालव्यासारखी दोन महामार्गांच्या मधून वाहते आणि काच खाली केली की तिचा वास आत येतो. गाड्यांच्या रांगांमधून डिलिव्हरीवाल्यांच्या मोटरसायकली हॉर्न वाजवत सुसाट जातात. मग इमारती सुरू होतात आणि संपतच नाहीत. २०२२ च्या जनगणनेत नुसत्या महापालिका हद्दीत १ कोटी १४ लाख माणसं मोजली गेली. उपनगरं धरून दोन कोटींच्या वर. समुद्र नाही, डोळ्यांना धरून ठेवणारा डोंगर नाही, कुठल्याही गच्चीवरून बघा, क्षितिजापर्यंत टॉवरच.

काहीतरी चुकतंय असं वाटत राहतं आणि थोड्या वेळाने उलगडा होतो की होर्डिंग नाहीत! २००७ पासून 'सिदाजी लिम्पा', म्हणजे स्वच्छ शहर, हा कायदा लागू आहे. इमारतींवरच्या आणि रस्त्याकडेच्या जाहिराती उतरवल्या, दुकानांच्या पाट्यांनाही मापं ठरवून दिली. भावी नगरसेवकांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स बघत मोठ्या झालेल्या माणसाला ही रिकामी भिंत चांगलीच अंगावर येते. रिकामी म्हणजे जाहिरातींपुरतीच म्हणा. त्या जागी एकीकडे दहा-पंधरा मजली उंच रंगीत चित्रं आहेत, दुसरीकडे 'पिशासाओ' नावाची काळी, टोकदार, लांबुडकी अक्षरं. ही अक्षरं काढणारी पोरं इमारतींच्या पार वरच्या कडेला, जिथे हात पोचणं अशक्य वाटतं तिथे लिहून जातात. कायद्याने तो गुन्हा आहे.

मुक्कामासाठी पाउलिस्टा, व्हिला मारियाना किंवा पिन्येरोस या भागात मेट्रो स्टेशनच्या दहा मिनिटांच्या आत जागा बघावी. मध्यवर्ती भागातली, लूझ आणि रेपुब्लिकाच्या आसपासची हॉटेलं स्वस्त दिसतात, पण पहिल्या खेपेला रात्री तिथे पायी परतणं नकोसं वाटेल. नकाशावरच्या अंतरांवर विसंबू नये. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७६० मीटरवर आहे आणि पाउलिस्टाचा रस्ता एका लांबट उंचवट्याच्या माथ्यावरून जातो. मध्यवर्ती भागातून तिकडे यायचं म्हणजे 'फक्त दोन किलोमीटर' चढण. जुलै हा तिथला हिवाळा. दिवसा स्वेटर काढावासा वाटतो आणि रात्री पारा दहा-बारापर्यंत उतरतो. घरांत हीटर बहुधा नसतात, तेव्हा जाड मोजे न्यावेत. डिसेंबर ते मार्चमध्ये जाणाऱ्यांनी दुपारनंतरचा धुवाधार पाऊस गृहीत धरावा; तेव्हा रस्ते तुंबतात.

न्हाणीघराबद्दल कोणी आधी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर. भाड्याच्या घरांत गीझर नसतो, शॉवरच्या डोक्यातच विजेची कॉइल असते. वर दोन-तीन खुणांचा खटका असतो: 'व्हेरांव' म्हणजे उन्हाळा, 'इन्व्हेर्नो' म्हणजे हिवाळा. पाणी चालू असताना हा खटका फिरवायचा नाही, कॉइल जळते. आणि नळ पूर्ण सोडला की पाणी कोमट होतं, कारण तेवढ्याच उष्णतेत जास्त पाणी तापवायचं असतं. कढत हवं असेल तर धार बारीक करायची. शहरात घरगुती वीज साधारण १२७ व्होल्टची आहे. मोबाइल आणि लॅपटॉपचे चार्जर चालतात, पण आपली प्रवासी किटली किंवा इस्त्री तिथे रडतखडत चालेल. आपली तीन पिनांची जाड प्लग तिथल्या भोकांत जात नाही. दोन बारीक गोल पिनांची जाते. संडासात कागद टोपलीत टाकायची पद्धत आहे, भांड्यात नव्हे. मात्र पुष्कळ ठिकाणी जेट स्प्रे असतो, ही आपल्या दृष्टीने मोठीच सोय.

पैशांचं सोपं आहे. चहाच्या टपरीएवढ्या गाड्यावरही कार्ड चालतं. यंत्र पुढे करताना 'क्रेजितो ऊ देबितो?' विचारतात, एकाने नाही झालं तर दुसरं सांगून बघावं. यंत्राने रुपयांत पैसे कापू का असं विचारलं तर नाही म्हणून रेआलच निवडावेत, नाहीतर दरात मार बसतो. स्थानिक लोक 'पिक्स'ने पैसे देतात, म्हणजे त्यांचं यूपीआयच. पण त्याला सीपीएफ हा तिथला करदाता क्रमांक आणि स्थानिक खातं लागतं, त्यामुळे पर्यटकाला त्याचा उपयोग नाही. हाच सीपीएफ सिमकार्ड घेताना आणि बसची तिकिटं ऑनलाइन काढतानाही आडवा येतो. म्हणून निघण्याआधी ई-सिम घेऊन टाकावं. भारतीय नंबरवर फक्त ओटीपीचे एसएमएस येण्यापुरतं रोमिंग चालू ठेवावं.

फोनची चोरी ही इथली खरी भीती, आणि ती अतिशयोक्ती नाही. सायकलवरून किंवा मोटरसायकलवरून येऊन हातातला फोन हिसकावतात, तोही उघडा असताना, म्हणजे बँकेची ॲप्सही त्यांच्या हाती लागतात. यावर स्थानिक लोक काय करतात ते बघून तसंच करावं. नकाशा बघायचा असेल तर ते फुटपाथच्या कडेला उभे राहत नाहीत, एखाद्या दुकानात शिरतात. टॅक्सीची वाटही दाराच्या आत थांबून पाहतात. गाडीत खिडकीजवळ फोन धरत नाहीत. बँकेची ॲप्स असलेला फोन खोलीवर ठेवून जुना फोन बाहेर वापरणं सर्वांत उत्तम. फोनचा आयएमईआय, म्हणजे ओळख क्रमांक, आधीच कागदावर लिहून ठेवावा. भारताचं वाणिज्य दूतावास पाउलिस्टावरच आहे. त्याचा पत्ता आणि पासपोर्टच्या पहिल्या पानाची झेरॉक्स पाकिटात असावी.

मेट्रो १९७४ पासून धावते आहे आणि तिच्याबद्दल तक्रारीला जागा नाही. दिशा शेवटच्या स्टेशनच्या नावावरून ओळखायची, एवढं कळलं की झालं. यंत्रातून क्यूआर कोडचं कागदी तिकीट मिळतं. जास्त फिरणार असाल तर 'बिल्येते उनिको' कार्ड घ्यावं, त्यावर तीन तासांत चार बसमध्ये चढलं तरी एकच भाडं कापलं जातं. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू चालणाऱ्यांची. से स्टेशनवर संध्याकाळी पाचनंतर दादरची आठवण येते. चार नंबरच्या पिवळ्या लाइनवर गाडीला चालकच नसतो, अगदी पुढे उभं राहून बोगदा बघता येतो. बसला मात्र हात करावा लागतो, नाहीतर ती थांबत नाही. पुढच्या दाराने चढायचं, आतलं फिरतं फाटक ओलांडून मागे जायचं, मागून उतरायचं. मोठी बॅग असेल तर त्या फाटकात अडकून सगळ्या बसला आपली ओळख होते. डिसेंबर २०२३ पासून रविवारी महापालिकेच्या बस सगळ्यांना मोफत आहेत.

आता खाणं, कारण शाकाहारी माणसाला सर्वांत जास्त धास्ती याचीच. सकाळ 'पादारिया'त घालवावी. ही बेकरी, चहाचं दुकान आणि खानावळ असं सगळं एकत्र असतं. बऱ्याच ठिकाणी शिरताना 'कोमांदा' नावाचं कार्ड हातात देतात. जे खाल ते त्यावर चढतं आणि जाताना गल्ल्यावर पैसे भरायचे. ते कार्ड हरवलं तर दंड मागतात, म्हणून खिशात न टाकता समोर ठेवावं. काउंटरवरच्या उंच स्टुलावर बसून 'पाँव ना शापा' मागवायचा. माणूस लांबट पाव उभा चिरतो, दोन्ही फाकांना हात राखून नव्हे तर मोकळेपणाने लोणी फासतो, उलटे तव्यावर टाकतो आणि वरून उलथन्याने दाबतो. कडा तपकिरी होऊन लोणी चरचरलं की सरळ बशीत. सोबत 'पिंगादो', म्हणजे काचेच्या ग्लासात गरम दूध आणि कॉफी. दहा-वीस रेआलमध्ये नाश्ता होतो. 'मिश्तो केंची' या टोस्टमध्ये हॅम असतं. चीजचे गोल 'पाँव जी केइजो' कसाव्याच्या पिठाचे असतात, पण त्यात अंडं घालतात. कोशिन्या हा तळलेला पदार्थ चिकनचा.

'सें कार्नी', म्हणजे मांस नको, एवढं म्हणून भागत नाही. 'कार्नी' म्हणजे त्यांच्या मनात गोमांस. कोंबडी आणि हॅम त्यात धरत नाहीत. 'सें फ्रांगो, सें पेइशी, सें प्रेझुंतो', म्हणजे कोंबडी, मासे, हॅम नको, अशी पूर्ण यादी म्हणावी लागते. राजमा किंवा काळ्या घेवड्याच्या उसळीत, म्हणजे 'फेइजांव'मध्ये, बऱ्याचदा डुकराच्या मांसाचे तुकडे चवीपुरते घातलेले असतात, तेव्हा विचारूनच वाढून घ्यावं. दुपारच्या जेवणाला 'पोर किलो' खानावळ गाठावी. थाळी घ्यायची, भात, उसळ, भाज्या, कोशिंबिरी हवं ते वाढून घ्यायचं आणि वजनकाट्यावर ठेवायची. साधारण ७० ते १०० रेआल किलो. पाचशे ग्रॅमच्या आत पोट भरतं. कलिंगडाच्या फोडी थाळीत घेऊ नयेत, पाण्याचे पैसे पडतात. अडीचनंतर पदार्थ विरळ होत जातात. बुधवार आणि शनिवार फेइज्वादाचे, म्हणजे डुकराच्या मांसाच्या उसळीचे, त्या दिवशी शाकाहारी माणसाने पर्याय आधी हेरून ठेवावा. बिलात दहा टक्के सेवाशुल्क लावलेलं असतं, ते ऐच्छिक आहे पण बहुतेक सगळे देतात.

आठवडी बाजार, 'फेइरा', हा सर्वांत आनंदाचा भाग. प्रत्येक वस्तीत ठरलेल्या वारी एक रस्ता बंद करून भरतो. भाजीच्या गाड्यांच्या टोकाला पास्तेलचा गाडा असतो: हातभर चौकोनी तळलेली पापुद्र्याची घडी, आत चीज किंवा पाल्मितो, म्हणजे पामचा कोवळा गाभा. त्यासोबत समोर चरकातून काढलेला उसाचा रस, हवं तर लिंबू पिळून. तेल मात्र मांसाच्या पास्तेलचंच असतं. १९३३ च्या जुन्या मुख्य बाजाराची रंगीत काचांची खिडकी बघण्यासारखी आहे, पण तिथे काही गाळ्यांवर फळांच्या फोडी आग्रहाने हातात देतात आणि मग वजन करून शेकड्यांनी रेआल मागतात. किलोचा भाव विचारल्याशिवाय तोंडात काही घालू नये.

रविवार पाउलिस्टासाठी राखावा. सकाळी नऊच्या सुमारास ते दुपारी चारपर्यंत हा जवळजवळ तीन किलोमीटरचा रस्ता गाड्यांना बंद असतो आणि शहर घराबाहेर येतं. स्केटिंग, ड्रम, म्हाताऱ्यांचे नाच, पाळलेल्या कुत्र्यांची मिरवणूक. याच रस्त्यावर मास्प हे कलासंग्रहालय आहे. लीना बो बार्दी यांनी ते आखलं, १९६८ मध्ये उघडलं, आणि लाल तुळयांना लटकलेल्या इमारतीखाली ७४ मीटर जागा खांबाशिवाय मोकळी सोडली आहे. आत चित्रं भिंतीवर नाहीत. काँक्रीटच्या ठोकळ्यात रोवलेल्या उभ्या काचांवर ती दालनभर उभी आहेत आणि माहिती काचेच्या मागे लिहिली आहे, त्यामुळे लोक आधी चित्र बघतात आणि मग वळसा घालून नाव वाचतात. मंगळवारी प्रवेश मोफत असतो, पण वेळ ऑनलाइन घ्यावी लागते, सोमवारी बंद. जवळच्या सेस्क पाउलिस्टा या सांस्कृतिक केंद्राच्या गच्चीवरून शहर फुकटात दिसतं, त्यालाही आधी नोंदणी हवी.

चालताना खालीही बघावं. काळ्या-पांढऱ्या फरशांची एक नक्षी शहरभर पसरली आहे. जरा वेळ टक लावून पाहिलं की कळतं, तो साओ पाउलो राज्याचा नकाशा आहे, १९६० च्या दशकात मिर्तेस बेर्नार्देस यांनी रेखाटलेला. फरशा जागोजागी उखडल्या आहेत, तेव्हा उंच टाचा नकोत.

लिबर्दाजी ही जपानी वस्ती शनिवार-रविवारच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. १९०८ मध्ये 'कासातो मारू' बोटीने जपानी मजूर कॉफीच्या मळ्यांसाठी आले, त्यांची पुढची पिढी शहरात उतरली. गर्दी इतकी असते की सकाळी दहाच्या आत पोचावं. तिथून से चौक पायी जवळ आहे, आणि तिथे फुटपाथवर तंबू ठोकून राहणारी शेकडो माणसं दिसतात. मोठी बँक, मोठं चर्च आणि त्यांच्या पायऱ्यांवर रात्र काढणारे लोक हे दृश्य मुंबईकराला नवीन नाही, तरी थंडीमुळे जास्त टोचतं. मध्यवर्ती भाग दिवसा, कामाच्या दिवशी, गर्दी असताना बघावा. वास्तुकार ओस्कार नीमायरची नागमोडी कोपान इमारत, १५५४ मध्ये शहराची सुरुवात झाली ते पातिओ दो कोलेजिओ, हे सगळं सकाळच्या फेरीत होतं. रविवारी दुपारी तेच रस्ते ओस पडतात, तेव्हा टाळावेत.

परतीच्या दिवशी विमानतळासाठी ढोबळ हिशेब असा: कामाच्या दिवशी संध्याकाळी निघायचं असेल तर उड्डाणाआधी पाच तास घर सोडावं, शुक्रवारी त्याहून आधी. टर्मिनल २ की ३ ते तिकिटावर बघून चालकाला आधीच सांगावं. उरलेले रेआल भारतात बदलून घेताना फार घट सोसावी लागते, म्हणून शेवटच्या दोन दिवसांत रोख संपवत आणावी. कॉफीची पाव आणि अर्ध्या किलोची पाकिटं वस्तीतल्या सुपरमार्केटमधूनच घ्यावीत. विमानतळावर सुबक डब्यात घातलेली कॉफी कितीतरी महाग पडते.